सांबार म्हणजे काय?

शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवळामुळे ते दूरवर माहीत आहे. या परिसरातल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गात आम्ही मागे बसून पाठ पाहत होतो. बाईंनी एक चित्रकार्ड वर धरले आणि विचारले, "हे काय आहे?" चित्रात हिरवी जुडी होती. पुढे बसलेली एक मुलगी झटकन म्हणाली, "सांबार!" बाई म्हणाल्या, "नाही. कोथिंबीर. म्हणा, कोथिंबीर." सगळा वर्ग म्हणाला, "कोथिंबीर." तीही म्हणाली. त्यानंतर अर्धा तास कार्डे चालू होती. त्या मुलीने एकाही कार्डाला पुन्हा उत्तर दिले नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा. वऱ्हाडात आणि एकूणच विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाजारात जुडी मागतात ती सांबाराची, आणि सांबारवडीत असतो तोही हाच. इडलीबरोबर येते ते सांबार वेगळे, पण तेही इथे सर्वांना माहीत आहे. आजीने "सांबार निवडून ठेव" म्हटले तर कोणी डाळ निवडायला बसत नाही, आणि हॉटेलात "सांबार वाढा" म्हटले तर कोणी ताटात पाने टाकत नाही. म्हणजे मुलीचे उत्तर बरोबर होते. एवढेच नव्हे, तर एकाच शब्दाचे दोन अर्थ प्रसंगावरून ओळखण्याचे कसबही तिच्या घरातल्या सर्वांजवळ आहे.

बाई मनापासून शिकवत होत्या. पाठ्यपुस्तकातला शब्द मुलांच्या तोंडी बसावा हा त्यांचा हेतू योग्यच होता. मधल्या सुट्टीत त्या आम्हाला म्हणाल्या, "या मुलांजवळ शब्दच नसतात हो. घरी त्यांच्याशी बोलतं तरी कोण?" हे वाक्य आम्ही बऱ्याच शाळांतून ऐकले आहे. ते सहानुभूतीने म्हटले जाते, म्हणूनच ते कोणी तपासत नाही. मुले शब्दांचे अर्थ शिकतात तरी कशी, याचा गेल्या काही दशकांत बराच अभ्यास झाला आहे. त्याच्या आधारे हे वाक्य आणि त्यामागची शिकवण्याची रीत, दोन्ही तपासून पाहू.

शब्द म्हणजे वस्तूवरची चिठ्ठी?

चित्रकार्डामागे एक कल्पना आहे. प्रत्येक वस्तूवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. मोठ्यांनी वस्तू दाखवायची, नाव उच्चारायचे आणि मुलाने ते पाठ करायचे. ही कल्पना जुनी आहे. सुमारे १६०० वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनने आपण लहानपणी बोलायला कसे शिकलो ते काहीसे असेच सांगितले. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञानेही तेच मांडले. आपल्या वर्गातला 'अ अननसाचा, ऐ ऐरणीचा' हा तक्ता याच घराण्यातला आहे.

या कल्पनेतली अडचण विसाव्या शतकात दोन तत्त्वज्ञांनी स्पष्ट केली. लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची सुरुवातच ऑगस्टीनच्या त्या उताऱ्यापासून आणि त्यावरच्या शंकेपासून होते. विलार्ड क्वाइन यांनी १९६० साली एक उदाहरण घेतले. अनोळखी भाषा बोलणारा माणूस पळत्या सशाकडे पाहून 'गवागाई' म्हणतो. त्याचा अर्थ ससा, की धावणे, की पांढरे काहीतरी, की 'चला शिकारीला'? नुसत्या बोट दाखवण्याने हे ठरत नाही.

कोथिंबिरीचे कार्ड पुन्हा डोळ्यांसमोर आणा. बोट आहे ते जुडीकडे, पानाकडे, हिरव्या रंगाकडे, की नुसत्या कागदाकडे? आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून शंका येत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला चित्र फारच थोडे सांगते. त्यातून कार्डावर वास नसतो, आणि कोथिंबीर ओळखायची असते ती मुळी वासावरून.

मूल कुठे पाहते?

मग मूल हा गोंधळ कसा सोडवते? या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांचे 'हाऊ चिल्ड्रन लर्न द मीनिंग्ज ऑफ वर्ड्स' हे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. शब्द शिकण्यासाठी मेंदूत वेगळे खास यंत्र नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची शक्ती, वस्तूंचे व घटनांचे प्रकार पाडण्याची शक्ती, वाक्यरचनेची जाण आणि साधी स्मरणशक्ती या सगळ्यांच्या मेळातून शब्द शिकले जातात. यांत पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल वस्तूकडे पाहते, पण त्याआधी बोलणाऱ्याकडे पाहते.

डेअर बाल्डविन यांचा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. दीड वर्षाच्या मुलाच्या हातात एक नवे खेळणे दिले. दुसरे खेळणे एका डबीवजा भांड्यात ठेवले. मूल स्वतःच्या खेळण्यात गुंग असताना प्रयोग करणारी बाई भांड्यात पाहून एक नवाच शब्द उच्चारते. चिठ्ठीची कल्पना खरी असती तर मुलाने तो शब्द आपल्या हातातल्या खेळण्याला चिकटवला असता, कारण त्या क्षणी डोळ्यांसमोर तेच होते. प्रत्यक्षात मुले मान वर करत, बाईंची नजर कुठे आहे ते पाहत, आणि शब्द भांड्यातल्या वस्तूचा आहे असे धरत.

मायकेल टोमासेलो आणि मिशेल बार्टन यांनी १९९४ साली आणखी पुढचे दाखवले. मोठे माणूस म्हणते, "चल, आपण टोमा शोधू." एका भांड्यातून एक वस्तू काढते, नाराज होऊन परत ठेवते, आणखी एक काढते, आणि शेवटी एका वस्तूपाशी खूश होते. शब्द उच्चारला तेव्हा कुठलीच वस्तू समोर नव्हती. तरी दोन वर्षांच्या मुलांनी टोमा म्हणजे ज्याने आनंद झाला ती वस्तू, हे ओळखले. अर्थ त्यांनी चेहऱ्यावरून आणि शोधण्याच्या त्या खटाटोपावरून काढला.

एकदा असा धागा सापडला की शब्द पटकन बसतो. लोरी मार्कसन आणि ब्लूम यांनी १९९७ साली तीन-चार वर्षांच्या मुलांना खेळता खेळता 'कोबा' हा बनवलेला शब्द एकदोनदा ऐकवला. महिन्यानंतरही बऱ्याच मुलांना कोबा कोणता ते सांगता आले. ही वस्तू 'माझ्या काकांनी दिली' अशी माहिती दिली होती, तीही मुलांनी तितकीच चांगली लक्षात ठेवली. शब्दापुरती वेगळी शक्ती नाही, या ब्लूम यांच्या म्हणण्याला हा मोठा आधार आहे.

वाक्यही मदत करते. हे मराठीत आपल्याला सहज तपासता येते. 'टिमू' हा निरर्थक शब्द घ्या आणि मुलांना चार वाक्ये सांगा: "एक टिमू दे." "थोडं टिमू घाल." "टिमूला हाक मार." "इतकं टिमू नकोस." टिमू काय आहे ते विचारा. पहिल्या वेळी मुले वस्तू सांगतील, दुसऱ्या वेळी गूळ-तेलासारखा पदार्थ, तिसऱ्या वेळी माणूस किंवा जनावर, चौथ्या वेळी एखादी कृती. व्याकरणाचा एकही नियम न शिकलेल्या मुलाला हे येते.

आता थोडा हिशेब करू. शालेय शिक्षण पुरे केलेल्या इंग्रजी भाषकाला सुमारे ६०,००० शब्द येतात, असा अंदाज ब्लूम यांनी घेतला आहे. पहिल्या वाढदिवसापासून धरले तर हे दिवसाला सुमारे १० शब्द होतात. शाळेने वर्षाच्या २०० दिवसांत रोज ५ शब्द कार्डाने शिकवले, तरी दहा वर्षांत १०,००० होतील. बाकीचे शब्द मूल कोणी 'शिकवल्या'शिवायच मिळवते. माणसांच्या बोलण्यात वावरताना ते त्याला मिळतात.

पुस्तकाला काही प्रश्न

इथवर आम्ही ब्लूम यांच्या बाजूने आहोत. पण पुस्तक आज वाचताना तीन ठिकाणी अडायला होते.

पहिले ठिकाण विज्ञानाचे आहे. समोरच्याचा हेतू ओळखणे हा मुख्य मार्ग खरा, पण तो एकमेव नाही. लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी २००८ साली दाखवले, की वर्षा-सव्वा वर्षाची बाळेसुद्धा अनेक प्रसंग एकत्र जोडून कोणता शब्द कोणत्या वस्तूबरोबर वारंवार येतो हे टिपतात. २०२४ साली वाय कीन वाँग आणि सहकाऱ्यांनी एका बाळाच्या डोक्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचे सुमारे ६१ तासांचे चित्रण संगणकाला पुरवले. दृश्य आणि शब्द यांची सांगड घालत संगणक बऱ्याच वस्तूंची नावे शिकला. त्याला कोणाचाही हेतू कळत नव्हता. स्वमग्न मुलांचे उदाहरणही इथे येते. बाल्डविन यांच्यासारख्या प्रयोगात यांतली बरीच मुले शब्द स्वतः पाहत असलेल्या वस्तूला जोडतात, असे १९९७ साली दिसले. तरी यांतली कित्येक मुले पुढे भरपूर शब्द शिकतात. म्हणजे दुसऱ्या वाटाही आहेत. अशी मुले आपल्या वर्गात असतात, म्हणून शिक्षकाला हे माहीत हवे.

मात्र या दुसऱ्या वाटेनेही चित्रकार्डाची बाजू बळकट होत नाही. देब रॉय आणि सहकाऱ्यांनी रॉय यांच्याच घरी मुलाच्या बालपणीचे रोजचे बोलणे आणि वावरणे नोंदवून ठेवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात असे दिसले, की शब्द मुलाच्या तोंडी लवकर येण्याचा संबंध तो किती वेळा ऐकला यापेक्षा तो ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक बोलण्यात ऐकला की नाही याच्याशी अधिक होता. सांबार हा शब्द चुलीजवळ, चिरताना, वरून टाकताना ऐकू येतो. कार्डावरची कोथिंबीर मात्र त्याच बाकावर, त्याच सुरात, अननस आणि ऐरणीच्या मधोमध येते. अठरा शब्दांना एकच प्रसंग.

दुसरे ठिकाण घराचे आहे. ब्लूम यांनी आधार घेतलेले बहुतेक प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या, शहरी, शिकलेल्या घरांतल्या मुलांवर झाले. एक मूल, एक मोठे माणूस आणि मधे खेळणे, असे त्यांचे चित्र आहे. सगळीकडे असे नसते. एलिनॉर ऑक्स आणि बॅम्बी शिफेलिन यांनी १९८४ साली सामोआ आणि पापुआ न्यू गिनीतल्या कालुली समाजाबद्दल लिहिले. तिथे मोठी माणसे तान्ह्या बाळाशी आपल्यासारखे गप्पा मारत बसत नाहीत. तरी मुले वेळेवर बोलतात. नमीरा अख्तर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की दोन वर्षांचे मूल दोन मोठ्या माणसांचे आपापसातले बोलणे ऐकूनही नवा शब्द तितकाच चांगला शिकते. वऱ्हाडातले मूल ओट्यावर, वावरात, बंडीत, बाजारात असते. त्याच्याकडे तोंड करून कोणी बोलत नसेल, पण त्याच्या कानावरून दिवसभर बोलणे जात असते आणि त्यात त्याला आपलाही वाटा उचलायचा असतो. "थे आन" म्हटल्यावर काय आणायचे ते चुकून चालत नाही.

तिसरे ठिकाण शाळेचे आहे, आणि आम्हाला तेच मोठे वाटते. सामाजिक व्यवहार दोन्ही बाजूंनी असतो. मूल मोठ्यांचा हेतू वाचते हे ब्लूम यांनी उत्तम सांगितले. मोठ्यांनी मुलाचा हेतू वाचला नाही तर काय होते, हा प्रश्न त्यांनी घेतलेला नाही. मुलीने "सांबार" म्हटले तेव्हा तिचा हेतू स्पष्ट होता: ही वस्तू मला माहीत आहे, हे मी तुम्हाला सांगते आहे. उत्तर आले, "नाही."

'यांच्याजवळ शब्दच नसतात'

आता बाईंच्या वाक्याकडे येऊ. त्याला शास्त्राचा पाठिंबा आहे असा समज एका प्रसिद्ध आकड्यामुळे पसरला. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस शहरातल्या ४२ कुटुंबांचे निरीक्षण करून १९९५ साली पुस्तक लिहिले. गरीब घरातले मूल चौथ्या वर्षापर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा ३ कोटी शब्द कमी ऐकते, असा त्यातला हिशेब जगभर गाजला. नमुना लहान होता, आणि मोजणीचा रोख मुलाला उद्देशून झालेल्या बोलण्यावर होता. डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली आजूबाजूचे बोलणेही मोजले, तेव्हा असा सरसकट फरक त्यांना आढळला नाही. घरातले बोलणे महत्त्वाचे नाही असा याचा अर्थ नव्हे. गरिबी म्हणजे मुके घर, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

आणि मोजायचेच तर कोणते शब्द मोजणार? आलू, भेदरं, फल्ली, वावर, बंडी, काहून हे शब्द यादीत नसतील आणि बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, शेत, बैलगाडी, का हेच असतील, तर वऱ्हाडातले मूल नापास होणारच. त्याच यादीत पुण्याच्या मुलाला सांबार विचारला तर तेही नापास होईल. पण त्याला कोणी 'शब्दच नाहीत' म्हणणार नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यातून आले. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आधी भाषाशास्त्रज्ञ म्हणून तिथल्या लोकांच्या बोलीचा अभ्यास केला आणि मग प्रगत शिक्षण संस्थेतून मुलांना वाचायला शिकवण्याचे काम उभे केले. दोन्हीकडे मुलांजवळ जे आहे तिथून सुरुवात झाली.

अंतरिक्ष आणि कार्य

विज्ञान शिकवणाऱ्यांना हा प्रश्न भाषेच्या बाईंचा वाटेल. तसे नाही. शिरपूरच्या मुलाला 'अंतरिक्ष' हा शब्द शाळेत येण्याआधीच भेटतो. तो पाट्यांवर असतो, यात्रेकरूंच्या तोंडी असतो. त्याच्यासाठी ते आधी गावातल्या देवाचे नाव आहे. पुढे कोणी सांगते, की मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे, म्हणून हे नाव. मग दूरदर्शनवर हिंदीत 'अंतरिक्ष यात्री' येतात. मराठी पुस्तकात मात्र 'अंतराळवीर' असतात. शब्दार्थाच्या रकान्यात 'अंतरिक्ष – आकाश' एवढेच लिहिले, की हे सगळे धागे तुटतात. तेच वर्गात बोलून घेतले, तर मुले स्वतःच विचारतील: अंतराळवीर अधांतरी का तरंगतात? तिथे पृथ्वी ओढत नाही का? आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळस्थानकातही गुरुत्वाकर्षण इथल्याच्या जवळजवळ नऊ-दशांश असते, यान आणि माणूस दोघेही सतत पृथ्वीभोवती पडत असतात म्हणून ते तरंगताना दिसतात, हे सांगायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

'कार्य' या शब्दाचे असेच आहे. घरी कार्य असते ते लग्नाचे किंवा बारशाचे. पुस्तकात कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. डोक्यावर पोते घेऊन उभ्या असलेल्या हमालाने त्या पोत्यावर शून्य कार्य केले, असे सांगितल्यावर मुले हसतात किंवा गप्प बसतात. ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण घरचा अर्थ आणि पुस्तकातला अर्थ शेजारी ठेवून कोणी बोललेले नसते, म्हणून नवा अर्थ कुठेच टेकत नाही.

वर्गात काय करता येईल

प्रमाण मराठी शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. ती न आलेल्या मुलाचे पुढे नुकसान होते, आणि ते नुकसान बोलीचे कौतुक करणाऱ्याला सोसावे लागत नाही. प्रश्न क्रमाचा आणि स्वीकाराचा आहे. "नाही, कोथिंबीर" याऐवजी "हो, सांबार. पुस्तकात याला कोथिंबीर म्हटलंय" एवढा बदल पुरतो. पहिल्या वाक्यात मुलीजवळचा एक शब्द जातो. दुसऱ्यात तिच्याजवळ दोन होतात. दोन भाषांत आणि दोन बोलींत वावरणारी मुले हे रोज करतात.

दुसरे, वस्तू आणता येत असेल तर चित्र नको, आणि वस्तू नुसती दाखवू नका. तिच्याशी काहीतरी करा. लोहाराकडे ऐरण पाहून आलेले मूल तो शब्द तक्त्यावरून शिकलेल्या मुलासारखा विसरणार नाही. तिसरे, अर्थ सांगण्याआधी वाक्य द्या आणि मुलांना अंदाज करू द्या. टिमूचा खेळ हाच अभ्यास आहे. चौथे, मूल वेगळेच उत्तर देते तेव्हा 'चूक' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुला असं का वाटलं?"

त्या शाळेत आम्ही दुसऱ्या दिवशीही गेलो होतो. आदल्या दिवशीचे बोलणे बाईंच्या मनात राहिले असावे. त्यांनी पिशवीतून खरी जुडी काढली आणि वर्गात फिरवली. मुलांनी पाने चुरगाळून वास घेतला. "ही कशात टाकतात?" बाईंनी विचारले. काल गप्प झालेली मुलगी थोडा वेळ बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माही आजी बारीक चिरते अन् चुनावर वरून टाकते. सांबार." थांबून तिने आपणहून पुढे जोडले, "पुस्तकात कोथिंबीर."

आपल्या शाळेच्या परिसरात असे किती शब्द आहेत? पुस्तकातला शब्द, घरचा शब्द, तो कोणत्या प्रसंगी ऐकू येतो आणि मुलाने तो कोणत्या वाक्यात वापरला, अशा चार रकान्यांची एक वही वर्गात ठेवून पाहावी. वर्षअखेर ती वही वाचल्यावर 'यांच्याजवळ शब्दच नसतात' हे वाक्य म्हणावेसे वाटते का, ते शिक्षकांनीच ठरवावे.